परीक्षणकार आणि कवी : ए. डी. होप यांच्या प्रकाशित वाङ्मयाचा एक विचार

ऑस्ट्रेलियन कवी अ‍ॅलेक डरवेंट होप यांचा ‘द वाँडरिंग आयलंड्स’ हा पहिला काव्यसंग्रह १९५५ साली सिडनी येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीकडे झुकले होते. तत्पूर्वी सुमारे पंधरा वर्षे त्यांचे नाव ऑस्ट्रेलियातील वाङ्मयीन वर्तुळात सुपरिचित होते. परंतु ते कवी म्हणून तितकेसे नव्हे. इतरांच्या पुस्तकांची निर्दयपणे झडती घेणारे परीक्षणकार अशीच त्यांची ख्याती होती. त्यांच्या कविता नियतकालिकांतून तुरळकपणे येत, काही मित्रमंडळींत हस्तलिखितरूपाने फिरत. परीक्षणे मात्र छापली जात, वाचली जात आणि ज्यांच्यावर ती लिहिलेली असत त्यांच्या तर जन्मभर लक्षात राहत. व्हिन्सेंट बक्ली ह्या कवि-समीक्षकाने १९५७ साली आपल्या निबंधसंग्रहात होप यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला, तो ‘अज्ञात कवी’ म्हणून त्यांचा निर्देश करूनच. संग्रह निघून दोन वर्षे लोटल्यावरही हे विशेषण कोणास विपरीत वाटले नसावे.

वाङ्मयेतिहासकारांनी ह्या दोन अंगांची सामान्यतः वाटणी करून टाकलेली आढळते. कवितांचा विचार मुख्य प्रकरणात व्हावयाचा आणि परीक्षणांचा उल्लेख एखाद्या मनोरंजक आख्यायिकेसारखा तळटीपेत व्हावयाचा, असा हा प्रघात आहे. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. होप यांच्या कविता आणि त्यांची परीक्षणे कालानुक्रमे शेजारी ठेवून वाचली, तर परीक्षणकाराने दुसऱ्याला नाकारलेली गोष्ट कवीने स्वतःच्या कवितेत आधीच मान्य केलेली होती, असे निदान एका ठिकाणी तरी स्पष्ट दिसते. वरवर पाहता हा वाद होप आणि त्यांचे समकालीन यांच्यातला आहे. वस्तुतः त्याचा बराचसा भाग होप यांचा स्वतःशीच चाललेला वाद आहे.

त्यांच्या चरित्राचा तपशील येथे थोडक्यात पुरेसा आहे. २१ जुलै १९०७ रोजी न्यू साउथ वेल्समधील कूमा ह्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. बालपणाचा मोठा भाग टास्मानियाच्या ग्रामीण भागात गेला. सिडनी विद्यापीठाची पदवी घेऊन ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण होऊन १९३१ साली, आर्थिक मंदीच्या ऐन भरात, मायदेशी परतले. त्यानंतर शाळामास्तरकी, व्यवसाय-मार्गदर्शनाचे मानसशास्त्रीय काम, सिडनीच्या अध्यापक महाविद्यालयातील अध्यापन आणि १९४५ पासून मेलबर्न विद्यापीठातील अध्यापन अशा पायऱ्या चढत ते १९५१ साली कॅनबेरा येथील विद्यापीठ महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. हे महाविद्यालय पुढे ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात विलीन झाले. १९६८ साली त्यांनी त्या पदाचा निरोप घेतला. १३ जुलै २००० रोजी कॅनबेरा येथेच, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ज्या काळात होप परीक्षणे लिहू लागले तो काळ ऑस्ट्रेलियन वाङ्मयाच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. १८९६ साली ए. जी. स्टीव्हन्स यांनी सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात सुरू केलेले ‘रेड पेज’ हे वाङ्मयीन सदर म्हणजे त्या देशातील ग्रंथपरीक्षणाची पहिली मोठी पेठ होय. स्टीव्हन्स १९०६ साली तेथून बाहेर पडले. तरी नवोदित लेखकाने बुलेटिनकडे आशेने पाहावे ही रीत पुढे कित्येक दशके टिकली. १९३९ साली सिडनीत ‘सदर्ली’ आणि १९४० साली ब्रिस्बेनमध्ये ‘मीनजिन’ ही नियतकालिके निघाली आणि दीर्घ, सविस्तर परीक्षणाला प्रथमच हक्काची जागा मिळाली. तथापि लिहिणारे, छापणारे आणि परीक्षण करणारे हे सर्व एकमेकांना नावानिशी ओळखणारे लोक होते. वाचकवर्ग लहान, प्रकाशक मोजके आणि लंडनच्या मान्यतेकडे डोळे लागलेले. अशा परिस्थितीत परीक्षणकाराने काय करावे? नवे रोपटे जगले पाहिजे म्हणून त्यास खतपाणी घालावे, की जे इंग्लंडमध्ये टिकले नसते ते येथेही टिकू नये असा आग्रह धरावा? ह्या प्रश्नाला होप यांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. लहान वाङ्मयाला वेगळे, सौम्य मोजमाप लावणे हा त्या वाङ्मयाचा अपमान होय, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या ह्या कठोरपणाला एक लोभस अपवाद होता, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियन नभोवाणीच्या मुलांच्या कार्यक्रमात १९४१ साली ‘अर्गोनॉट्स क्लब’ हा विभाग सुरू झाला. त्यात श्रोते बालक आपल्या कविता पाठवीत. त्या कवितांवर बोलण्याचे काम होप यांनी ‘अँटनी इंकवेल’ ह्या टोपणनावाने काही काळ केले. म्हणजे सबंध चाळिशीच्या दशकात हा एकच माणूस प्रौढ कवींना झोडपीत होता आणि मुलांना कविता लिहिण्यास उत्तेजन देत होता. मुलांच्या बाबतीत त्यांनी मोजमाप सौम्य केले होते, इतकाच त्याचा अर्थ करून चालणार नाही. मुलांचा कवितेविषयी काही सिद्धान्त नसतो. होप यांचा राग बहुधा वाईट कवितेपेक्षा वाईट कवितेचे समर्थन करणाऱ्या सिद्धान्तावर असे.

असा पहिला सिद्धान्त त्यांना ‘जिंडीवोरोबक’ चळवळीत सापडला. अ‍ॅडलेडचे कवी रेक्स इंगमेल्स यांनी १९३८ साली ‘कंडिशनल कल्चर’ ही पुस्तिका लिहून ह्या चळवळीचा पाया घातला. चळवळीचे नाव त्यांनी जेम्स डिव्हेनी यांच्या १९२९ सालच्या एका पुस्तकातून उचलले. ‘जोडणे, सामावून घेणे’ असा त्या आदिवासी शब्दाचा अर्थ तेथे दिलेला होता. युरोपातून आणलेल्या उसन्या प्रतिमा टाकून द्याव्यात, ह्या खंडाची भूमी, तिचे ऋतू, तिचे मूळ रहिवासी यांच्याशी नाते जोडून नवी काव्यभाषा घडवावी, असा हा कार्यक्रम होता. १९३८ ते १९५३ पर्यंत दरवर्षी ह्या मंडळींचा काव्यसंग्रह निघत असे. होप यांनी १९४१ साली ‘सदर्ली’मध्ये ह्या उद्योगावर लेख लिहिला आणि तो करताना बालवीरांच्या पथकाची उपमा वापरली. उपमा बोचरी होती आणि चळवळीला ती कायमची चिकटली. त्यांच्या आक्षेपाचा गाभा मात्र थट्टेचा नव्हता. ज्यांच्या भाषेचा व जीवनाचा आपणास जुजबी परिचय आहे अशा लोकांचे शब्द वेचून कवितेत पेरल्याने संस्कृती निर्माण होत नाही. कवीची परंपरा म्हणजे तो ज्या भाषेत लिहितो त्या भाषेची परंपरा, आणि ती त्याला इच्छेनुसार बदलता येत नाही, असा त्याचा रोख होता.

ह्या आक्षेपातील काही भाग आज अधिकच सबळ वाटतो. गोऱ्या कवींनी आदिवासींच्या वतीने बोलावे, त्यांच्या शब्दांना आपल्या राष्ट्रीयतेचे अलंकार करावे, ही गोष्ट नंतरच्या समीक्षेने उचलेगिरी म्हणून दोषास्पद ठरविली आहे. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, ऑस्ट्रेलियन कवितेत भूमीकडे वळण्याची जी प्रेरणा इंगमेल्स यांनी मांडली ती वाया गेली नाही. लेस मरी (१९३८–२०१९) यांच्यासारख्या मोठ्या कवीने आपण जिंडीवोरोबकांपैकी अखेरचे आहोत असे पुढे स्वतःविषयी म्हटले. होप यांच्या उपहासाने त्या प्रेरणेतला खरा प्रश्न आणि तिचे कच्चे उत्तर ह्या दोहोंना एकाच दगडाने मारले, असे म्हणावे लागते.

आता येथे एक तारीख पाहावी. होप यांची ‘ऑस्ट्रेलिया’ ही सुप्रसिद्ध कविता १९३९ सालची आहे, म्हणजे इंगमेल्स यांच्या पुस्तिकेनंतर एक वर्षाने आणि स्वतः होप यांच्या लेखाच्या दोन वर्षे आधीची. सात कडव्यांच्या ह्या कवितेत पहिली पाच कडवी देशावर अक्षरशः कोरडे ओढतात. रंगहीन झाडी, झिजून गेलेले डोंगर, इतिहासाचा अभाव, समुद्रकाठी वसलेली आणि देशाचा रस शोषून घेणारी शहरे, परक्या किनाऱ्यावर भेदरून राहणारे दुय्यम प्रतीचे युरोपीय लोक हे सारे चित्र इतके निष्ठुर आहे की त्यानंतर काही म्हणावयाचे उरले नसावे असे वाटते. आणि तेथेच कविता वळण घेते. सुसंस्कृत म्हणविणाऱ्या जगाच्या बौद्धिक गजबजाटातून आपण ह्या वाळवंटाकडे आनंदाने परत येतो, कारण प्रेषित नेहमी वाळवंटातूनच येत आले आहेत, ह्या आशेवर शेवटची दोन कडवी उभी आहेत. ही आशा कोणती? ह्या भूमीच्या ओसाडपणातूनच एखादा असा आत्मा जन्म घेईल की जो हिरव्यागार देशांना परवडणार नाही, ही. इंगमेल्स यांना हवे होते ते हेच. शब्दांची निवड वेगळी आणि कारागिरी अतुलनीय रीतीने श्रेष्ठ, एवढाच भेद. जे कवीने आशेच्या रूपाने बोलून दाखविले त्याचा कोणी कार्यक्रम केलेला पाहताच परीक्षणकार संतापला, असे १९३९ आणि १९४१ ह्या दोन तारखांवरून अनुमान करता येते. हे अनुमान होप यांच्या बाजूनेही लढविता येईल: आशा ही कवितेत शोभते, ठरावात नव्हे. पण असा भेद त्यांनी त्या लेखात केलेला नाही.

दुसरा प्रसंग अधिक गाजलेला आहे. अ‍ॅडलेडचे तरुण कवी मॅक्स हॅरिस हे १९४० पासून ‘अँग्री पेंग्विन्स’ हे नवमतवादी नियतकालिक चालवीत. १९४३ साली त्यांची ‘द व्हेजिटेटिव्ह आय’ ही कादंबरी निघाली आणि १९४४ साली होप यांनी ‘मीनजिन’मध्ये तिचे परीक्षण केले. लेखाच्या शीर्षकातच कादंबरीकाराला मंत्राने चालविलेल्या प्रेताच्या पंक्तीस बसविले होते. ह्याच सुमारास जेम्स मॅकॉली आणि हॅरल्ड स्टुअर्ट ह्या दोन कवींनी मेलबर्नच्या लष्करी कचेरीत बसून ‘अर्न मॅली’ नावाचा एक बनावट, मृत कवी आणि त्याच्या सोळा कविता तयार करून हॅरिस यांच्याकडे पाठविल्या होत्या. हॅरिस यांनी त्या मोठ्या गौरवाने छापल्या. जून १९४४ मध्ये सिडनीच्या एका रविवारच्या वृत्तपत्राने हा बनाव उघडकीस आणला. होप हे मॅकॉली यांचे जवळचे मित्र. त्यांना ह्या कारस्थानाची आधीपासून कल्पना होती.

येथवर ही वाङ्मयीन थट्टा होती. परंतु त्याच कवितांबद्दल दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी हॅरिस यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला आणि १९४४ साली अ‍ॅडलेडच्या न्यायालयात त्यांना पाच पौंड दंड झाला. पाठोपाठ रॉबर्ट क्लोज यांच्या १९४५ सालच्या एका कादंबरीवर खटला होऊन १९४८ साली लेखकाला कारावासाची शिक्षा सुनावली गेली. प्रकाशक धास्तावले. ह्या धास्तीची झळ ज्यांना लागली त्यांत स्वतः होप हे एक प्रमुख होते. त्यांच्या कवितांत देह, वासना आणि स्त्रीपुरुषसंबंध यांचे चित्रण त्या काळाच्या मानाने कमालीचे निर्भीड असल्याने ‘द वाँडरिंग आयलंड्स’ला प्रकाशक मिळणे लांबत गेले, ह्याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. नवकवितेची ज्यांनी खिल्ली उडविली त्यांतील एकाची वृत्तबद्ध, यमकबद्ध, अभिजात घडणीची कविता त्याच भयाच्या सावटाखाली अडकून पडावी, हा योगायोग खुद्द होप यांच्या उपरोधाला साजेसा होता. अश्लीलतेच्या कायद्याला वृत्तबद्ध आणि मुक्तछंद हा भेद ठाऊक नव्हता. त्यात भर म्हणून एका आगीत त्यांची बरीचशी हस्तलिखिते नष्ट झाली. १९५५ चा संग्रह हा त्या आगीतून वाचलेला अवशेष होय.

ह्या संग्रहाच्या नावाच्या कवितेत मनुष्यांची मने म्हणजे भरकटणारी बेटे असून त्यांना एकमेकांजवळ जाता येत नाही, क्षणभर घासून जातात तेवढीच त्यांची भेट, अशी कल्पना आहे. होप यांच्या समग्र काव्याची ही गुरुकिल्ली मानली जाते. ‘द डेथ ऑफ द बर्ड’ (१९४८) ह्या कवितेत प्रतिवर्षी दोन गोलार्धांत ये-जा करणारी एक पक्षीण आपल्या अखेरच्या प्रवासात थव्यातून मागे पडते, तिच्या ठायीची दिशा दाखविणारी ज्योत विझते आणि अफाट पृथ्वी तिच्या इवल्याशा मरणाचे ओझे निर्विकारपणे स्वीकारते. दोन देशांत घर असणे आणि म्हणून कोठेच घर नसणे ही ऑस्ट्रेलियन वसाहतवाल्याची व्यथा एकाही स्थानिक नावाचा आधार न घेता येथे व्यक्त झाली आहे. होप यांच्या सिद्धान्ताच्या समर्थनार्थ एकच कविता पुढे करावयाची झाली, तर ती हीच. ‘इंपीरियल अ‍ॅडम’मध्ये आदिमानवाच्या पहिल्या मीलनाचे आणि पहिल्या प्रसूतीचे वर्णन भरघोस इंद्रियगोचर प्रतिमांनी केल्यावर जन्मास येणारे मूल म्हणजे जगातील पहिला खुनी होय हे शेवटी उघड होते. स्त्रियांना केवळ फलधारिणी भूमी म्हणून पाहण्याची होप यांची प्रवृत्ती नंतरच्या स्त्रीवादी समीक्षेने दोषास्पद ठरविली आहे, आणि तो दोष आरोपित नव्हे. भारतीय वाचकाचे लक्ष सहज जाईल अशी ‘द लिंगम अँड द योनी’ ही त्यांची कविता शैव विचाराशी काहीएक संबंध ठेवीत नाही; प्रेम आणि संसार यांच्या व्यवहारी बाजूची ती एक खट्याळ थट्टा आहे, आणि शीर्षकातील शब्द केवळ दोन पात्रांची नावे म्हणून वापरलेले आहेत. दुसऱ्याच्या परंपरेतील शब्द वेचून आणल्याबद्दल ज्याने इंगमेल्स यांना धारेवर धरले त्यानेच हे करावे, ह्याची नोंद जाता जाता करणे भाग आहे.

संग्रहानंतरचे वर्ष, १९५६, हे परीक्षणकार होप यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष होय. त्या वर्षी त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या. ऑस्ट्रेलियन वाङ्मयातील मूल्यमापनाच्या कसोट्यांवरील निबंधात त्यांनी वसाहतीच्या वाङ्मयाच्या तीन अवस्था कल्पिल्या: प्रथम मायदेशाची परंपरा बरोबर घेऊन आलेल्यांचे लेखन; मग येथेच वाढलेल्या लेखकांचे, जाणीवपूर्वक राष्ट्रीय होऊ पाहणारे लेखन; आणि शेवटी त्या भाषेच्या सबंध वाङ्मयावरच प्रभाव पाडू शकेल अशा समर्थ लेखकांचा उदय. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’च्या १६ जूनच्या अंकात आलेले पॅट्रिक व्हाइट यांच्या ‘द ट्री ऑफ मॅन’ ह्या कादंबरीचे परीक्षण. तिसरी, त्याच वर्षाअखेर निघालेल्या ‘क्वाड्रंट’ ह्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकातील ‘द डिस्कर्सिव्ह मोड’ हा निबंध.

व्हाइट यांच्यावरील परीक्षण एका शिवीसारख्या शब्दसमूहासाठी आजही उद्धृत केले जाते. त्याचा एकूण युक्तिवाद मात्र क्वचितच वाचला जातो. बहुप्रतीक्षित ‘थोर ऑस्ट्रेलियन कादंबरी’ला होप यांनी दलदलीत राहणाऱ्या ‘बन्यिप’ ह्या दंतकथेतील प्राण्याची उपमा दिली. कित्येकांनी पाहिला म्हणावे आणि कोणालाच न सापडावा, असा तो प्राणी. व्हाइट यांच्या ठायी कादंबरीकाराचे खरे गुण आहेत हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. त्यांचा आक्षेप असा की, हा लेखक गद्य लिहू शकत असता गद्यातच काव्य करू पाहतो. तुटक वाक्ये, कर्त्यावाचून लोंबकळणारी विशेषणे आणि लेखकाची अखंड उपस्थिती यांमुळे भाषेचा चिखल होतो. ज्या देशात मुळात चांगले गद्य लिहिणारेच थोडे, तेथे समर्थ लेखकाने हा मार्ग धरावा याचे त्यांना वाईट वाटले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो चिखल. व्हाइट यांनी तो प्रहार कधीच विसरला नाही. १९७३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. होप यांनी १९५६ साली वर्णिलेली तिसरी अवस्था ज्या ऑस्ट्रेलियन लेखकाच्या रूपाने सर्व जगाला प्रथम दिसली तो लेखक व्हाइट हाच होता. स्वतःच घडविलेल्या कसोटीवर उतरणारा ग्रंथ त्या कसोटीच्या कर्त्याला, तो ग्रंथ हातात असता, ओळखता आला नाही.

असे का घडावे, याचे उत्तर ‘द डिस्कर्सिव्ह मोड’ ह्या निबंधात शोधता येते. होप यांनी येथे वाङ्मयप्रकारांकडे एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले आहे. महाकाव्य, शोकात्म नाट्यकाव्य, उपरोधिका, पत्रकाव्य, स्तोत्र, बोधकाव्य हे प्रकार म्हणजे एका अरण्यातील वृक्षवेली. त्यांचे एकमेकांवर अवलंबून असलेले जीवन असते. थोर वृक्ष नाहीसे झाले की त्यांच्या छायेतील झुडपेही जातात आणि शेवटी खुरटी भावगीते तेवढी उरतात. ह्या ऱ्हासात सर्वांत मोठी हानी झाली ती मधल्या स्वराची. कथा सांगणारी, विचार मांडणारी, पत्र लिहिणारी, उत्कट नसतानाही कविता राहणारी जी शैली इंग्रजीत चॉसरपासून चालत आली होती, ती विसाव्या शतकात लोपली; तिचे पुनरुज्जीवन झाल्यावाचून अरण्य पुन्हा उभे राहणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे पद्याने गद्याचे काम करावे, हे होप यांना हवे होते. गद्याने पद्याचे काम करावे, हे मात्र त्यांना सहन होत नव्हते. गद्यपद्याच्या सीमेवरील दार त्यांनी एकाच बाजूने उघडे ठेवले होते, आणि व्हाइट नेमके दुसऱ्या बाजूने आत येत होते. अरण्याचा हा सिद्धान्त सुंदर आहे. पण नवी जात कोठून कशी उगवते, याचे उत्तर त्यात नाही.

‘क्वाड्रंट’चे संपादक होते जेम्स मॅकॉली, म्हणजे अर्न मॅलीचे एक जनक. हे नियतकालिक सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषदेच्या आश्रयाने निघाले होते. त्याच परिषदेच्या आश्रयाने एक वर्ष आधी, १९५५ साली, मुंबईत ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघाले होते आणि त्याचे पहिले संपादक निसीम इझिकेल हेही कवी आणि परीक्षणकार होते. सिडनी आणि मुंबई येथील कवि-समीक्षक अशा रीतीने एकाच छत्राखाली लिहीत होते. त्या छत्राला अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता हे १९६६–६७ साली उघडकीस आले. होप यांच्या काव्यशास्त्राचा उगम त्या पैशात नव्हता. त्यांची मते त्याच्या कितीतरी आधी पक्की झाली होती. परंतु अभिजाततेच्या आग्रहाला त्या काळी एक राजकीय आसरा आयता मिळाला, इतके म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

पुढील ग्रंथांचा विचार लवकर आटोपता येतो. १९६० साली लंडनमध्ये ‘पोएम्स’ आणि १९६६ साली समग्र कविता प्रसिद्ध होऊन होप यांची कीर्ती इंग्रजीभाषक जगात पसरली. १९६५ सालच्या ‘द केव्ह अँड द स्प्रिंग’ ह्या निबंधसंग्रहात मुक्तछंदाची उत्तरीय तपासणी करणारा लेख आहे. वृत्ताचा स्थिर साचा आणि बोलण्याची चल लय यांच्या ताणातूनच पद्याचे सौंदर्य निर्माण होते, साचाच काढून टाकला तर ताण कशाचा राहणार, हा त्यातील प्रश्न आजही विचारात घेण्याजोगा आहे. ज्याचे शवविच्छेदन त्यांनी केले तो मुक्तछंद मात्र मेलेला नव्हता. त्याच वर्षी ज्यूडिथ राइट यांचा ऑस्ट्रेलियन कवितेवरील समीक्षाग्रंथ निघाला. भूमीशी नाते जोडण्याचा प्रश्न राइट यांनी कवितेत आणि समीक्षेत अधिक सहानुभूतीने हाताळला, आणि १९७५ साली होप यांनीच राइट यांच्यावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. १९७० सालचे ‘डन्सियाड मायनर’ हे पोपच्या पद्धतीचे विडंबनकाव्य ए. ए. फिलिप्स ह्या समीक्षकावर रचलेले आहे. ‘सांस्कृतिक न्यूनगंड’ ह्या आशयाचा, आता सर्वतोमुखी झालेला शब्द १९५० साली ज्यांनी प्रचारात आणला तेच हे फिलिप्स. त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी पोपविषयी अनुदार उद्गार काढले. हे काव्य वाचताना लेखकाला झालेली मौज वाचकापर्यंत निम्मीच पोहोचते. १९७९ साली होप यांचा काव्यकलेवरील ‘द न्यू क्रॅटिलस’ हा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी जॉन ट्रँटर यांनी संपादित केलेला नव्या ऑस्ट्रेलियन कवितेचा संग्रह. त्या संग्रहातील पिढीने होप यांच्याशी वाद घालण्याचेही कारण उरले नाही असे ठरविले होते.

ह्या सर्वांत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेटिव्ह कंपॅनियन्स’ ह्या संग्रहाचे महत्त्व निराळे आहे. १९३६ ते १९६६ ह्या तीस वर्षांतील ऑस्ट्रेलियन वाङ्मयविषयक निबंध आणि टिपणे होप यांनी त्यात एकत्र केली. जुनी परीक्षणे पुन्हा छापताना लेखक सहसा एक तर शब्द मवाळ करतो, नाही तर अभिमानाने मिरवितो. होप यांनी जिंडीवोरोबकांच्या बाबतीत तिसरीच गोष्ट केली. त्या मंडळींशी आपण न्यायाने वागलो नाही, आपल्याकडून त्यांना काही भरपाई देय आहे, असे त्यांनी ह्या ग्रंथात नमूद केले. कोणी मागितलेली नसताना, तेहेतीस वर्षांनी दिलेली ही कबुली होती. परीक्षणकाराच्या लेखणीतून असे वाक्य उतरलेले वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार आढळत नाही. ‘ऑस्ट्रेलिया’ ह्या कवितेच्या शेवटच्या दोन कडव्यांत जे १९३९ साली आले होते, तेथे गद्य १९७४ साली येऊन पोहोचले. ज्यांना ही भरपाई देय होती ते रेक्स इंगमेल्स डिसेंबर १९५५ मध्ये मोटार-अपघातात मरण पावले होते. त्याच वर्षी ‘द वाँडरिंग आयलंड्स’ प्रसिद्ध झाला होता आणि त्यांच्या परीक्षणकाराचे स्वतःचे पुस्तक प्रथमच दुसऱ्यांच्या हाती परीक्षणासाठी पडले होते.